आप्पा अजून रविवारात आहेत

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी आप्पांनी माझा तो फोटो पाहिला. हे वाक्य मी लिहिलंच नाही असं समजावं. वाचलं असेल तर वाचलं नाही असं समजावं. आमच्या घरात सध्या हीच पद्धत आहे आणि तिला सरावायला फार वेळ लागत नाही. तर, काहीही झालेलं नाही. गुरुवार आहे, सकाळचे अकरा वाजलेत, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या आमच्या चादरींच्या कारखान्यात वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात पंखा फिरतोय. खाली माग धडधडतायत, त्यामुळे टेबलावरच्या चहात सारखी बारीक वर्तुळं उठतायत, आणि मी वेबसाइटसाठी एका टॉवेलचं वर्णन लिहितेय: मऊ, शोषक, दीर्घायुषी. दीर्घायुषी खोडून टिकाऊ करतेय. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची महेश्वरी चाकाची खुर्ची न उठता पायानं ढकलत माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "उत्कर्षा, आधी बस." मी म्हटलं, "बसलेलीच आहे." ती म्हणाली, "मग बसूनच राहा," आणि तिनं तिचा फोन माझ्या मांडीवर पालथा ठेवला. सुलटा मी केला.

जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि अजून एक पायरी निघावी तसं झालं, फक्त ते एकावर थांबलं नाही. पायऱ्या निघतच राहिल्या. मागांचा आवाज बंद झाल्यासारखा वाटला. चहात वर्तुळं उठत होती म्हणजे तो चालू होता. फोटोत मी होते. अंगाभोवती मोराच्या डिझाइनची चादर, खांदे उघडे, केस ओले, नजर लोखंडी कपाटाच्या आरशात, आणि चादरीच्या कोपऱ्याला कारखान्याचं लेबल लोंबतंय, कारण ती चादर माझी नव्हती, नमुन्याची होती. गच्चीवर उन्हात तिचा फोटो काढून वेबसाइटवर टाकायचा म्हणून मी घरी आणली होती. महिन्यापूर्वीची गोष्ट. नऊ दिवसांच्या तापातून उठून मी पहिल्यांदा डोक्यावरून आंघोळ केली होती. घरात कोणी नव्हतं. टॉवेल दोरीवर राहिला म्हणून हाताशी आली ती चादर गुंडाळली आणि आरशासमोरून जाता जाता थांबले. तापानं गळ्याखालची दोन्ही हाडं वर आली होती, तोंड उतरलं होतं, आणि का कोण जाणे, मी मला बरी दिसले. फोटोचं कारण एवढंच. सत्तावीस वर्षांत मी मला बरी दिसले असं चार वेळा झालं असेल, आणि त्यातल्या तीन वेळा हातात फोन नव्हता. या वेळी होता. काढला, आणि दिग्विजयला पाठवला, ज्याच्याशी मी आठ महिने बोलत होते आणि दिवाळीनंतर ज्याचं नाव आप्पांना सांगायचं ठरवलं होतं. त्यानं उत्तरात तीन बदाम पाठवले आणि विचारलं, जेवलीस का. मला तेव्हा जग अत्यंत सुरक्षित वाटलं होतं.

"तुझ्याकडं कसा आला?" मी महेश्वरीला विचारलं. तिच्या भावाच्या जिमच्या ग्रुपवर आला होता. तिनं भावाला तेलुगूत काय म्हटलं ते ती मला मराठीत सांगायला तयार नव्हती. ती एकटीच अशी होती की जिनं मला पहिला प्रश्न 'का काढलास' असा विचारला नाही. तिनं विचारलं, "पाणी पिणार?"

मी जिन्यात जाऊन दिग्विजयला फोन लावला. तो लगेच म्हणाला, "मी तुला फोन करणारच होतो." लोक असं म्हणतात तेव्हा ते दोन दिवसांपासून करणार असतात. "हे बघ, मी एकालाच पाठवला होता. फक्त एकाला. तो म्हणत होता तू आहेसच कुठं, मी उगाच थापा मारतो. त्याला दाखवायला म्हणून." "आणि त्यानं?" "त्यानंपण एकालाच." मी हिशेब केला. मीही एकालाच पाठवला होता. सोलापूर जिल्ह्यात प्रत्येकानं तो फक्त एकालाच पाठवला होता, शिस्तीत, रांगेनं, आणि तरी तो आमच्या गावी, मोहोळपर्यंत पोचला होता. दिग्विजय म्हणाला, "माझीपण बदनामीच आहे ना यात. लोक म्हणतील कसल्या मुलीशी बोलतो." मग अगदी मऊ, शोषक आवाजात म्हणाला, "पण तू तसा काढलासच कशाला गं?" जिन्याच्या कठड्याला सुताचा पांढरा कापूस चिकटला होता, तो मी बोटानं पुसत राहिले, पुसला की वरून दुसरा येऊन बसत होता. "तू आठ महिन्यांत एकदाही मला थापा वाटला नाहीस," असं काहीतरी मी म्हणाले. वाक्य चुकीचं होतं, पण दुरुस्त करायच्या आत त्यानं फोन ठेवला होता.

तो मोहोळपर्यंत पोचल्याचं मला आत्यामुळं कळलं. वच्छला आत्या, आप्पांची धाकटी बहीण, गावीच असते. तिचा फोन आला तेव्हा मी अजून जिन्यातच होते. "उत्कर्षे, तू हायस का?" म्हणजे जिवंत. "आहे." "मग ठीक हाय. गावच्या ग्रुपवर आलाय बाई तुजा फोटू. मंगळवारीच आलाय, चार धाला. कुनी पोपटाचं चित्र लावलेला नंबर हाय. 'ही कुनाची लेक, वळका' असं लिवलंय. समद्यांनी वळकली. मला सांग, एवडी नव्वी चादर, अंगाला गुंडाळून फोटू काडायची काय गरज हुती?" मी म्हटलं, "आत्या, आप्पा त्या ग्रुपवर आहेत." "म्हनून तर फोन केला. दादा कुटवर आलाय?"

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आप्पा म्हणजे माझे वडील, एसटीतून तीन वर्षांपूर्वी कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं त्यांच्या गाडीतून तिकिटाशिवाय कोणी उतरला नाही, आणि आई गेल्यावर मी त्यांना फोन घेऊन दिला तेव्हा ती सवय त्यांनी फोनला लावली. त्यांच्या फोनमध्ये ग्रुप एकच, गावाचा. त्यात रोज दोनशे-अडीचशे मेसेज येतात: सूर्यफुलं, सुविचार, कांद्याचे भाव, हरवलेली म्हैस, सापडलेली म्हैस, चाळीस मिनिटांची कीर्तनं. आप्पा प्रत्येक मेसेज वाचतात. पहिल्यापासून, ओळीनं. प्रत्येक फोटोवरचा बाण दाबून तो उतरवून घेतात, प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहतात आणि प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवतात, जसं तिकीट फाडून हातात द्यावं. त्यामुळं ते कायम चार-पाच दिवस मागे असतात. कुठवर वाचलं ते हरवू नये म्हणून ग्रुप कधी बंद करत नाहीत. आहे त्या जागी बाजूचं बटण दाबून पडदा काळा करतात, पुस्तकात बोट घालून ठेवावं तसं. एकदा बॅटरी संपून फोन बंद पडला आणि गाडी एकदम शेवटच्या मेसेजवर आली, तेव्हा ते खालून वर एकेक मेसेज मागं मागं चालत आपल्या जागी परत गेले होते. कुणी मेसेज काढून टाकला आणि तिथं 'हा मेसेज डिलीट केला आहे' असं दिसलं, तर आप्पा त्या माणसाला फोन करून विचारतात, काय होतं त्यात? गावात याची धास्ती आहे. लोक शुद्धलेखन तपासून टाकतात.

सकाळी निघताना आप्पा रविवारात होते. रविवार, सकाळी साडेसात. मी आत्याला ते सांगितलं. आत्यानं सुटकेचा श्वास सोडला. "मग टाइम हाय की. शनवारपर्यंत न्हाय पोचत मंगळवारात." आणि मग म्हणाली, "रविवारी ते दोन कीर्तनं हायत, मोठाली. देवच पावला म्हन."

भीती ही वस्तू कशी असते याचं वर्णन वेबसाइटसाठी लिहायचं झालं तर: जाड, उबदार, चारी बाजूंनी शिवलेली. ती मारामारीची भीती नव्हती, आप्पांनी मला कधी चापट मारली नाही. मी चौथीत असताना सुट्टीत त्यांच्याच गाडीतून मोहोळहून सोलापूरला येत होते. माझं अर्धं तिकीट त्यांनी स्वतः फाडून माझ्या हातात दिलेलं, आणि मी ते घामानं मऊ करून टाकलेलं. लांबोटीच्या पुढं मागच्या बाकावरून एक मुलगी उठून उभी राहिली. कॉलेजची असावी, हिरवी ओढणी. "ह्यानं हात लावला," असं ती म्हणाली, फार मोठ्यानं नाही, वर्गात हजेरी द्यावी तसं. गाडीतले सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, बाभळी होत्या. आप्पा मागं गेले. त्या माणसाला म्हणाले, "तिकीट?" त्यानं दाखवलं. आप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. मग मुलीला म्हणाले, "तू पुडं येऊन बस, बाळ. डायवरच्या मागं." ती माझ्याशेजारी येऊन बसली. तिचा गुडघा हलत होता आणि तो माझ्या फ्रॉकला लागून होता म्हणून फ्रॉकही हलत होता, सोलापूर येईपर्यंत. तो माणूस स्टँडवर आरामात उतरला. घरी आल्यावर मी विचारलं, त्याला का नाही उतरवलं? आप्पा म्हणाले, "त्याच्याकडं तिकीट हुतं की." ते इतक्या सरळपणे म्हणाले होते की पुढची सतरा वर्षं मला ते उत्तर बरोबर वाटलं.

आता ते 'पुढं येऊन बस' म्हणणार. रागावून नाही, मायेनंच, बाळ म्हणून. पुढं बसणं म्हणजे काय हे मला जिन्यात उभ्या उभ्या दिसलं: नोकरी बंद, फोन बंद, आणि दिवाळीच्या आत दुधनी किंवा टेंभुर्णीच्या कुठल्यातरी बऱ्या घरातल्या माणसाशेजारची जागा, खिडकीची, जिच्यातून बाहेर बघता येईल. आणि जो पोपट, जो जिमवाला, जो एकालाच पाठवणारा, ते सगळे आपापल्या तिकिटावर शेवटपर्यंत जाणार. मला आप्पांचं आत्ताचं प्रेम हवं होतं, सकाळी निघताना डब्याचं झाकण नीट लागलंय ना ते दाबून बघतात ते. त्याची मुदत शनिवारपर्यंत होती.

ग्रुपचा ॲडमिन ऋतुराज, माझा चुलतभाऊ, मोहोळला त्याचं हॉटेल आहे. त्याला फोन केला तर मागं कढईचा आवाज. "ताई, पाहिला मी. म्हणजे नीट न्हाय पाहिला. म्हणजे ॲडमिन म्हणून पाहिला." मी म्हटलं, तू काढू शकतोस, ॲडमिनला येतं. तो म्हणाला, "येतं की. पण मग तितं लिवून येतं, ॲडमिन ऋतुराजनं हा मेसेज डिलीट केला. मग आप्पाकाका मला फोन करणार, काय हुतं त्यात. मी काय सांगू? खोटं बोलू? आप्पाकाकाशी?" त्याचा आवाज खरोखर घाबरलेला होता. माझ्यासारखाच, आम्ही दोघं एकाच माणसाला भीत होतो, हे जरा नातेवाईकपणाचं वाटलं. "म्हशीचा फोटो होता म्हण." "मग म्हणतील म्हैस कुणाची." शेवटी तो म्हणाला, दुपारची गर्दी गेली की करतो, आणि संध्याकाळी त्याचा मेसेज आला की आता वेळ उलटून गेलीय, काढायचा पर्यायच दाखवत नाही. खाली त्यानं लिहिलं होतं: पण ताई मी तुझ्या बाजूनं आहे, फक्त हे कुणाला सांगू नको.

दिवसभर फोन येत राहिले. चुलते, चुलत्यांच्या सुना, कधी न बोललेल्या मावश्या. कुणीही फोटोचं नाव काढत नव्हतं. इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारत, "आप्पा कुठवर आलेत?" स्टँडवरच्या चौकशी खिडकीत बसल्यासारखी मी अंदाजानं उत्तरं देत होते: रविवार, सकाळचे दहा. पहिलं कीर्तन सुरू आहे. हो, उशिरानं धावतायत. आणि प्रत्येकाला बरं वाटत होतं, जणू आप्पा पोचेपर्यंत फोटो निघालेलाच नव्हता.

अडीच वाजता दुधनीहून चनमल्लप्पांचा फोन आला. ते आमच्या चादरी घेतात, अक्कलकोटपासून पलीकडं कर्नाटकातल्या गावांत विकतात. "म्याडम, नमस्कार री. ते मोराचं पीस हाय की न्हाय? आमच्याकडं लई लोक इचारायलेत. फोटो फिरायलाय बघा मोबाइलवर. लेबलावरचा नंबर अर्धाच दिसतो. पुरा नंबर सांगा की." मी दोन्ही हातांनी फोन धरला. सोलापुरात माणसाच्या अंगावर आधी चादर दिसते, माणूस नंतर, हे मला माहीत होतं, पण त्यांना माणूस अजिबात दिसला नव्हता. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी पुरा नंबर सांगितला. ते म्हणाले, "आणि एक, त्या फोटोत रंग जरा फिका आलाय. चांगला फोटो काडा. उजेडात." मी हो म्हटलं. त्यानंतर मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते कॅलेंडरकडं बघत म्हणाले, "तो आपल्या साइटवरून नाही ना गेला?" "नाही." "बरं." कॅलेंडरवर त्यांना काहीतरी सापडत नव्हतं. "नमुन्याचा माल घरी नेऊ नये असा नियम करू या." नियम लगेच टाइप करून नोटीसबोर्डावर लावला. टाइप मी केला, ते माझंच काम आहे.

संध्याकाळी घरी गेले तर आप्पा कॉटवर मांडी घालून बसलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, फोन हातभर लांब धरलेला. कीर्तनातल्या टाळ्या ऐकू येत होत्या. "हितं ये," म्हणाले, "हे बघ काय सुरेख बोलतोय." मी जवळ जाऊन बसले. त्यांच्या अंगाला खोबरेल तेलाचा आणि धुतलेल्या बनियनचा वास. छोट्या पडद्यावर एक माणूस हातवारे करत होता, आणि मला दिसत होतं ते त्याच्या खाली असलेलं, अजून न आलेलं: पडद्याच्या खालच्या कडेच्या आत, फोनच्या अंधारात, सोमवारच्या दीडशे सूर्यफुलांच्या पलीकडं, उघड्या खांद्यांनी मी थांबले होते. गाडीची वाट बघत. "आप्पा, एवढं सगळं कशाला वाचता? शेवटचं तेवढं बघावं." ते म्हणाले, "मधल्यानं काय पाप केलंय?" मग माझ्याकडं बघून, "तुजा चेहरा का उतरलाय? ताप न्हाय ना पुन्यांदा?" त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. हा हात मला शनिवारनंतर लागणार नाही असं वाटून मी कपाळ तसंच धरून ठेवलं, इतका वेळ की त्यांनी थर्मामीटर काढला. ताप नव्हता.

शुक्रवारी सकाळी आप्पा आंघोळीला गेले आणि फोन नेहमीसारखा फ्रिजवर, घडी घातलेल्या रुमालावर ठेवून गेले. आप्पांची आंघोळ अठरा तांब्यांची असते, कधी सतरा नाही. पहिला तांब्या पडल्याचं ऐकलं आणि मी फोन उचलला. कुलूप त्यांच्या बिल्ल्याच्या नंबरचं. तो बिल्ला मी लहानपणी दर रविवारी चिंचेनं घासलेला आहे. उघडला. रविवार, साडेपाच. रात्रीतून ते दुसरं कीर्तन संपवून पुढं सरकले होते. मी खाली जायला लागले. सूर्यफूल, सूर्यफूल, म्हैस. सहा तांबे. सोमवार. कुणाच्या मुलाचा पहिला वाढदिवस, त्याखाली सत्तर शुभेच्छा. अकरा तांबे. मंगळवार. आणि तो होता: अजून उतरवून न घेतलेला, धुकट, तांबूस-निळा चौकोन, मधोमध बाण. वर 'ही कुणाची लेक, ओळखा'. खाली एकानं 'ॲडमिन लक्ष द्या', दुसऱ्यानं हसणारी तीन तोंडं, तिसऱ्यानं शुभ दुपार. मला फक्त तो दाबून धरायचा होता, आणि आपल्यापुरता काढून टाकायचा होता. काही लिहून येत नाही, खूणही राहत नाही. माझा अंगठा ओला होता, घामानं. दाबून धरायच्या ऐवजी तो बाणावर टेकला आणि सुटला. चौकोनाचं धुकं गोल गोल फिरून निवळलं आणि मी स्पष्ट झाले. दाबून धरायला अजून वेळ होता. तांबे चौदा झाले होते. पण मी बघत बसले. तीन दिवस सगळा जिल्हा तो फोटो बघत होता आणि मी एकदाही नीट बघितला नव्हता, महेश्वरीच्या फोनवर तर नजर टाकून काढून घेतली होती. गळ्याखालची हाडं, ओले केस, आरशात स्वतःकडं जरा संशयानं बघणारी बाई. बरी दिसत होते. अजूनही. हे मनात आलं आणि तेवढ्यात न्हाणीची कडी वाजली. मी बटण दाबून पडदा काळा केला, फोन रुमालावर ठेवला, रुमालाची घडी सरळ केली, स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं आणि साखर टाकताना मला कळलं की मी आप्पांना मंगळवारात ठेवून आले आहे.

दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. शर्टाची बटणं लावत ते कॉटवर बसले, चष्मा पुसला, फोन उघडला. "अरं, हे कुटं आलं?" असं म्हणाले, डुलकी लागून दुसऱ्याच थांब्यावर जाग आल्यासारखं. मी गॅस बंद केला, कारण चहा उकळण्याचा आवाज फार मोठा वाटत होता. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वीस झाले होते. त्यांची मान खाली होती, मानेवर आंघोळीचं पाणी राहिलेलं, आणि अंगठा पडद्याच्या वर हवेत धरलेला. मोकळ्या हातानं त्यांनी कॉटची दांडी धरली होती. पस्तीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहून ज्यांनी कधी दांडी धरली नाही त्या माणसानं. ते किती वेळ बघत होते, काय बघत होते, चादर की मी, मला सांगता येणार नाही. नंतर तो अंगठा हलला, आणि खाली नाही, वर. आप्पा मागं निघाले. शुभेच्छा, वाढदिवस, सोमवार, सापडलेली म्हैस, हरवलेली म्हैस, एकेक करत, चुकू न देता, रविवारपर्यंत. साडेपाचला पोचले. तिथल्या सूर्यफुलाला त्यांनी जोडलेले हात पाठवले. मेसेज गेल्याचा बारीक आवाज आला. मग, न वळता, "चहा झाला का?" म्हणाले. मी म्हटलं, "झाला." "मग आन की."

मी चहा दिला. त्यांनी बशीत ओतून प्यायला. माझ्याकडं बघितलं नाही, आणि बघितलं नाही हे दिसू नये म्हणून खिडकीकडंही बघितलं नाही. डब्याचं झाकण दाबून बघितलं. साडेपाचच्या खालीच कुणीतरी एक मेसेज काढून टाकलेला होता, मी वाकून पाहिलं. त्यांनी त्या माणसाला फोन केला नाही, काय होतं त्यात म्हणून. त्याऐवजी वर जाऊन तेच चाळीस मिनिटांचं कीर्तन पहिल्यापासून लावलं. तेव्हा मला कळलं की माझी भीती संपलेली नाही, तिला फक्त सोबत मिळालीय. ते मला पुढं येऊन बस म्हणणार की आणखी काही, हे कळायला त्यांनी नियमानं, ओळीनं मंगळवारात यायला हवं. आणि आप्पा येत नाहीत. कीर्तन तिसऱ्यांदा लागलं तेव्हा मी घराबाहेर पडले.

पोलिसांत जायचं म्हणून महेश्वरीनं स्कूटी काढली होती. पोलीस ठाण्यात रेश्मा नावाच्या हवालदार बाई होत्या, नाव पट्टीवर होतं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्जाचा कागद दिला आणि विचारलं, "फोटो का काढला होता?" महेश्वरी म्हणाली, "मॅडम, कुणी पाठवला ते विचारा ना." त्या म्हणाल्या, "विचारते. तो खालचा कॉलम आहे. हा वरचा आहे. आणि हे मी नाही विचारत, कॉलम विचारतो." त्या वाईट नव्हत्या. पेनाचं टोपण काढून वाट बघत होत्या. मी म्हटलं, "मी त्या दिवशी मला बरी दिसले." त्यांनी पेन टेकवलं, थांबल्या, माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हे नाही बसायचं. 'स्वेच्छेने' लिहू?" खालच्या कॉलममध्ये नावांची एकेरी रांग बसली, दिग्विजयपासून पोपटापर्यंत, प्रत्येकापुढं 'एकालाच'. तेवढ्यात आत्याचा फोन. "दादा कुटवर आला गं?" "रविवार, संध्याकाळ." "अजून? काल बी रविवारातच हुता की." "गाडी थांबलीय आत्या." "बिघडली का काय?" "नाही. ड्रायव्हर-कंडक्टर दोघं ठीक आहेत." आत्या म्हणाली, "मग थांबू दे," आणि फोन ठेवला.

रेश्मा मॅडमनी कागद माझ्याकडं वळवला. म्हणाल्या, बाकीचं मी भरलंय, शेवटी तुमची विनंती तुमच्या हस्ताक्षरात लागते. 'तरी' पासून सुरू करा. काय हवंय ते स्पष्ट लिहा, वर पाठवायला बरं पडतं. मी पेन घेतलं आणि लिहिलं:

तरी मा. महोदयांस नम्र विनंती की, अर्जदाराचे वडील हे सद्यःस्थितीत रविवार, सायंकाळी साडेपाच या ठिकाणी असून तेथे सुखरूप आहेत. सबब, सदर रविवारास पुढील आदेश होईपर्यंत मुदतवाढ देण्यात यावी. मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे ही वेळ मोहोळ तालुका व सोलापूर शहर यांचेपुरती रद्द समजण्यात यावी, व ज्या व्यक्तींनी ती वेळ यापूर्वीच वापरली आहे त्यांचेकडून ती सुस्थितीत परत घेण्यात यावी. प्रशासकीय अडचणीमुळे मंगळवार घेणे अपरिहार्यच असल्यास, तो सोमवारनंतर लगेच न घेता, अर्जदार व तिचे वडील या दोघांच्या पश्चात, सोयीच्या कोणत्याही दिवशी घेण्यात यावा.